बेसिनखालचं कपाट स्वतः बदलताना: आधी पाण्याची वाट, मग कपाट

आमच्या बाथरूममधलं बेसिनखालचं प्लायचं कपाट बाहेरून ठणठणीत दिसत होतं. सनमायका चकचकीत, दारं नीट मिटत होती. एके दिवशी आतली फिनेलची बाटली उचलली आणि तिच्याखालचा प्लाय मऊ लागला. बोट दाबलं तर ते सरळ आत गेलं. मागची फळी काळी पडून बुरशीने भरली होती. कारण शोधलं तर वेस्ट कपलिंगच्या, म्हणजे बेसिनच्या तळाच्या भोकात बसणाऱ्या आट्यांच्या नळीच्या, नटाखालून एक थेंब सुटत होता. दिवसभरात कपभर पाणीही साठलं नसेल, पण तो थेंब कित्येक वर्षं पडत होता.

उघडं बेसिन गळतं तेव्हा लादीवर ओल दिसते आणि त्याच दिवशी घरात ओरड होते. कपाट बसवलं की ती ओल दाराआड जाते. पाइप झाकणं, बाटल्या-ब्रशांना जागा देणं हे कपाटाचे फायदे खरेच, पण गळती लपवण्याचं कामही ते तितक्याच इमानाने करतं. म्हणून नवीन कपाट मी आणि माझ्या मुलीने दोघींनी मिळून बसवलं तेव्हा एकच गोष्ट धरून चाललो: आतला प्रत्येक सांधा डोळ्याला दिसला पाहिजे आणि हाताला लागला पाहिजे. पुढचं सगळं त्या अनुभवातून आणि त्यानंतर नातेवाइकांकडे केलेल्या दोन कामांतून लिहिते आहे. उदाहरण धरलं आहे ते २४ इंची, भिंतीवर टांगायच्या कपाटाचं. त्यावर सिरॅमिकचं एकसंध बेसिन-टॉप बसतं, आणि दुकानात या जोडीला सरळ ‘व्हॅनिटी’ म्हणतात.

मापं घेतल्याशिवाय दुकानात जाऊ नका

कपाट घरी आणल्यावर कळतं की अँगल कॉक (भिंतीतून निघणारी, बेसिनच्या नळाचं पाणी बंद करायची छोटी चावी) नेमका त्याच्या तळफळीच्या रेषेत येतोय, किंवा बाथरूमचं दार अर्ध्यातच त्याला अडतंय. हे टाळायला अर्धा तास पुरतो. कोऱ्या कागदावर भिंत काढा आणि त्यावर मापं लिहा: लादीपासून दोन्ही अँगल कॉकच्या मध्यापर्यंतची उंची, लादीपासून सांडपाण्याच्या भोकाच्या मध्यापर्यंतची उंची, आणि कोपऱ्यातल्या भिंतीपासून या तिन्हींचं आडवं अंतर. बहुतेक फ्लॅटमध्ये अँगल कॉक २० ते २४ इंचांवर आणि सांडपाण्याचं भोक त्याच्या आसपास किंवा थोडं खाली असतं. पण ‘बहुतेक’वर विसंबू नका, टेप लावा.

बेसिनची वरची कड लादीपासून ३२ ते ३४ इंचांवर असली की मोठ्या माणसाला वाकावं लागत नाही आणि शाळकरी मुलाचा हातही पोचतो. कपाट २० इंच उंचीचं असेल आणि वरची कड ३३ इंचांवर धरली, तर त्याचा तळ साधारण १३ इंचांवर येतो. म्हणजे २२ इंचांवरचे अँगल कॉक कपाटाच्या पोटात आरामात बसतात. हे गणित कागदावर करून बघा. वाडग्यासारखं टेबल-टॉप बेसिन हवं असेल तर ते वर आणखी ५-६ इंच घेतं, त्यामुळे खालचा ओटा २७-२८ इंचांवरच ठेवावा लागतो. ओटा ३३ इंचांवर करून त्यावर वाडगं ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. तिथे तोंड धुताना पाणी कोपरापर्यंत ओघळतं आणि आजीला तर नळच हाताला लागत नाही.

तळ लादीपासून निदान १० इंच वर असू द्या. आपल्याकडे बादली-मगाने अंघोळ होते, पाणी सगळीकडे उडतं, लादी खराट्याने घासावी लागते. लादीला टेकलेलं कपाट अशा बाथरूममध्ये खालून कुजायला लागतं.

कपाट भिंतीपासून किती पुढे येतं, ते खोलीचं मापही महत्त्वाचं. साडेतीन-चार फूट रुंदीच्या बाथरूममध्ये १८ इंच खोलीचं कपाट आलं की माणसाला वळायला जागा उरत नाही. तिथे १४-१६ इंचांचंच घ्या. घेण्याआधी पुठ्ठ्याचा खोका त्या मापाचा कापून भिंतीला चिकटवा, बाथरूमचं दार उघडून बघा आणि दोन दिवस त्याच्यासोबत अंघोळ करून बघा. हा सल्ला पोरकट वाटेल, पण आमचं २४ बाय १८ चं ठरलेलं माप याच खोक्यामुळे २४ बाय १६ झालं.

कपाट कशाचं, टॉप कशाचा

ओल्या बाथरूमसाठी माझं मत स्पष्ट आहे: पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी (प्लास्टिक आणि लाकडाची भुकटी मिळून केलेल्या) बोर्डाचं कपाट घ्या. ते पाणी पीत नाही, फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. एमडीएफचं, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचं, स्वस्त कपाट दिसायला सुरेख असतं, पण एका कडेतून पाणी शिरलं की ते पावासारखं फुगतं आणि पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. सुताराकडून प्लायचं करून घेणार असाल तर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का असलेला मरीन प्लायच मागा. आयएस ३०३ च्या प्लायमध्ये बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तग धरणारा) हा प्रकार स्वयंपाकघरात चालतो, पण बेसिनखाली मी तो वापरणार नाही. आणि प्लाय कुठलाही असो, पाइपसाठी पाडलेल्या भोकांच्या कडा उघड्या ठेवू नका. पाणी सनमायकातून आत जात नाही, ते याच कडांतून जातं.

कोकणात आणि गोव्यात चार महिने भिंतीच ओल्या असतात. तिथे प्लायचा विचारही करू नये. बिजागऱ्या आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आहेत का, याची दुकानातच लिहिलेलं वाचून खात्री करून घ्या, चुंबकावर विसंबू नका, कारण स्टेनलेसचे काही प्रकार चुंबकाला थोडे चिकटतात.

टॉपमध्ये सिरॅमिकचं एकसंध बेसिन स्वतः काम करणाऱ्याला सगळ्यात सोपं. त्यात नळाचं भोक, ओव्हरफ्लोचं भोक (बेसिन काठोकाठ भरू नये म्हणून वरच्या बाजूला असतं ते), पाण्याचा उतार सगळं तयार असतं आणि बेसिन व ओटा यांच्यात सांधाच नसतो. ग्रॅनाइट हवा असेल तर कापणं, बेसिनचं भोक पाडणं आणि कडेला गोलाई देणं हे ग्रॅनाइटवाल्याकडूनच करून घ्या. त्याला बेसिनसोबत येणारा कागदी साचा द्या, बेसिनही दाखवा आणि नळाचं भोक ३५ मिलिमीटरचं सांगा. पुढच्या कडेच्या खालून एक बारीक खाच मारून मागा. ओट्यावरून सांडलेलं पाणी त्या खाचेपाशी थांबून खाली पडतं, कपाटाच्या दारापर्यंत येत नाही. ग्रॅनाइटखाली अडकवायचं बेसिन कधीही नुसत्या सिलिकॉनच्या भरवशावर लटकवू नका. त्याला खालून क्लिप किंवा लोखंडी आधार हवाच.

दुकानातून काय आणायचं

वेस्ट कपलिंग घेताना चूक होते, म्हणून आधी तेच. बेसिनला ओव्हरफ्लोचं भोक असेल तर ‘हाफ थ्रेड’ कपलिंग लागतं. त्याच्या वरच्या भागात आटे नसतात, खाच असते, आणि ओव्हरफ्लोचं पाणी त्या खाचेतून पाइपात उतरतं. ओव्हरफ्लो नसेल तर ‘फुल थ्रेड’. दोन्ही ३२ मिलिमीटरचीच, दिसायला भावंडं. उलटसुलट झालं तर एक तर ओव्हरफ्लो बंद होतो, नाही तर गळती सुरू होते.

बॉटल ट्रॅप, म्हणजे कपलिंगखाली लागणारी, थोडं पाणी धरून वास अडवणारी बाटली, ३२ मिलिमीटरचा, सोबत भिंतीतला पाइप आणि फ्लँज (भिंतीतलं भोक झाकणारी चकती). अँगल कॉकपासून नळापर्यंत जाणारे दोन कनेक्शन पाइप, बाहेरून स्टीलची जाळी असलेले. १८ इंची बहुतेक ठिकाणी पुरतात, अंतर जास्त असेल तर २४ इंची. गरम पाण्याच्या बाजूला साधा प्लास्टिकचा पाइप लावू नका. अँगल कॉक जुने झाले असतील तर दोन्ही नवे घ्या. टेफ्लॉन टेपची दोन-तीन रिळं, बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉनची एक नळी आणि ती दाबायची गन.

सिलिकॉनबद्दल एक सूचना. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सिरॅमिक आणि काचेला छान चिकटतं, पण संगमरवरावर डाग पाडतं आणि आरशाच्या मागचा मुलामा खातं. दगडाचा टॉप असेल किंवा आरसा चिकटवायचा असेल तर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्या.

अवजारांत हॅमर ड्रिल, टाइलचा बिट आणि काँक्रीटचा बिट, तोंड लहानमोठं करता येणारे दोन पाने, बारीक दातांची हॅक्सॉ, पाणसळ, कटर, बॅटरी, दोन बादल्या आणि भरपूर जुनी फडकी. ड्रिल शेजारून मागून आणलं तरी चालेल, पण पाणसळ स्वतःची ठेवा.

पाणी बंद, गीझर बंद

काम शनिवारी सकाळी सुरू करा. रविवारी संध्याकाळी एखादा वायसर फाटला आणि हार्डवेअरचं दुकान बंद असलं तर रात्रभर घर कोरडं.

गीझरचा स्विच आणि एमसीबी दोन्ही बंद करा. मग बाथरूमची मुख्य चावी बंद करा. जुन्या इमारतींत ती बऱ्याचदा डक्टमध्ये (पाइप जातात त्या उभ्या पोकळीत) किंवा थेट गच्चीवरच्या टाकीपाशी असते. त्या चावीवर अनेकदा वरखालची चार घरं असतात. सोसायटीत आदल्या दिवशी सांगा आणि वॉचमनलाही सांगा, नाही तर कोणी तरी तक्रार करतं, तो चावी उघडतो आणि तुमच्या हातात उघडा पाइप असतो. चावी बंद केल्यावर बेसिनचा नळ उघडा आणि पाच मिनिटं थांबा. थेंब थांबला तरच पुढे जा.

अँगल कॉक बदलायचा नसेल तर तो बंद करून भागतं, पण तो खरंच पाणी धरतो का ते तपासा. क्षारांच्या पाण्यात, विशेषतः बोअर आणि टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत, आठ-दहा वर्षांचा कॉक फिरतो तरी पाणी पुरतं अडवत नाही. असा कॉक बंद कपाटात ठेवून वर नवं बेसिन बसवणं मला पटत नाही.

कॉक काढताना घाई करू नका. नव्या इमारतींत भिंतीत सीपीव्हीसीचा (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा) पाइप असतो आणि त्याच्या टोकाला पितळी आट्यांचा एल्बो. कॉक जाम असेल आणि पान्याने जोर लावला तर एल्बोच आतल्या आत तडकतो. मग टाइल फोडण्यावाचून इलाज नाही. जोर न लावता हळू फिरवा. फिरवताना भिंतीत काही तरी हलतंय असं हाताला जाणवलं तर तिथेच थांबा आणि प्लंबरला बोलवा. तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीत जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) गंजलेले पाइप असतील तर मी कॉकला हातच लावणार नाही. ते काम प्लंबरचं. सांडपाण्याचं भोक सरकवायचं असेल तरीही, कारण त्यात बाथरूमचं वॉटरप्रूफिंग तुटतं आणि त्रास खालच्या मजल्याला होतो.

नवा कॉक बसवताना आधी फ्लँज घाला. आट्यांवर टेफ्लॉन टेप कॉक घट्ट होण्याच्या दिशेने, ताणून, दहा-बारा वेढे गुंडाळा. हाताने आत घ्या, मग पान्याने हळूहळू. तोंड सरळ वर यायला थोडं कमी पडलं तर आणखी पुढे फिरवा, मागे नाही. मागे फिरवलं की टेपची पकड सुटते आणि सगळं काढून नव्याने गुंडाळावं लागतं. जुने प्लंबर सुतळी आणि सफेदा (आट्यांना फासायचा पांढरा लेप) वापरतात. लोखंडी आट्यांवर ती जोडी उत्तम, पण सीपीव्हीसीच्या एल्बोमध्ये जाड सुतळी कोंबली की एल्बोवर ताण येतो.

जुनं काढणं

आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कोणता पाइप गरम, कोणता थंड, ट्रॅप कसा बसला होता हे दोन तासांनी आठवत नाही.

बॉटल ट्रॅपखाली बादली ठेवूनच त्याचा तळाचा वाटीसारखा भाग फिरवा. आतलं काळं पाणी आणि केसांचा गोळा बाहेर येणारच. ट्रॅप निघाला की भिंतीतल्या भोकात लगेच फडक्याचा बोळा घाला, नाही तर दुर्गंध आणि झुरळं दोन्ही घरात येतात. बोळ्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवा, म्हणजे तो आत ओढला जाणार नाही.

बेसिन आणि भिंत यांच्यातलं जुनं सिलिकॉन किंवा पांढरं सिमेंट कटरने पूर्ण कापल्याशिवाय बेसिन उपसू नका, टाइलचा पापुद्रा निघतो. जुनं बेसिन रॅक बोल्टवर (भिंतीत रुतवलेल्या लांब बोल्टवर) असेल तर खालून नट सोडवा. गंजून बसले असतील तर एकाने बेसिन दोन्ही हातांनी धरावं आणि दुसऱ्याने हॅक्सॉने बोल्ट कापावा. हे एकट्याने करण्याचं काम नाही. सिरॅमिकचं बेसिन हातातून सुटून फुटलं तर त्याच्या कडा सुरीसारख्या असतात. हातमोजे आणि बंद बूट घाला, बाथरूममध्ये चपला नकोत.

भिंत काय म्हणते

टांगायच्या कपाटाचा सगळा भार भिंतीवर येतो. कपाट, सिरॅमिकचा टॉप, बेसिनभर पाणी आणि त्यावर टेकून उभं राहणारा माणूस. म्हणून भिंत कशाची आहे ते आधी ओळखा. एक बारीक भोक पाडा आणि भुकटीचा रंग बघा. तांबडी भुकटी म्हणजे वीट, उत्तम. पांढरट-राखाडी, मऊ आणि बिट लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा). त्यात साधी प्लास्टिकची गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवायला भोकात घालायची नळी, काही महिन्यांत ढिली पडते. एएसीसाठीचे खास लांब अँकर घ्या, किंवा सरळ खाली स्टीलचे पाय असलेलं कपाट घ्या. बिट इंचभर जायलाही कुरकुरत असेल तर काँक्रीट. कष्ट जास्त, पण पकड सर्वांत पक्की. कोकणात-गोव्यात चिऱ्याची (जांभा दगडाची) भिंत असेल तर सांध्यात भोक पाडू नका, चिऱ्याच्या अंगात पाडा आणि तरीही खालून पायांचा आधार द्या. चिरा सगळीकडे सारखा टणक नसतो.

भोकं कुठे पाडायची नाहीत हे जास्त महत्त्वाचं. भिंतीतले पाइप साधारणपणे अँगल कॉकपासून सरळ वर, सरळ खाली किंवा आडवे जातात. त्या तिन्ही रेषा टाळा. वर आरशाजवळ स्विचबोर्ड किंवा दिवा असेल तर त्याच्या सरळ खालची रेषाही टाळा. पलीकडे दुसरं बाथरूम असेल आणि भिंत चार इंची असेल तर बिटावर चिकटपट्टी लावून खोलीची खूण करा, म्हणजे आरपार जाणार नाही.

टांगणं

पाणसळ धरून कपाटाच्या वरच्या कडेची रेषा पेन्सिलीने भिंतीवर ओढा. टाइलच्या सांध्यावर विश्वास ठेवू नका. आमच्याकडे दोन फुटांत टाइलची ओळ जवळपास पाव इंच उतरलेली निघाली. कपाटाच्या मागच्या भोकांच्या खुणा करा, त्यावर मास्किंग टेप लावा आणि टाइलच्या बिटने हॅमर बंद ठेवून सावकाश सुरुवात करा. टाइल पूर्ण भेदली की काँक्रीटचा बिट लावा आणि मगच हॅमर चालू करा. सुरुवातीपासून हॅमर लावला तर टाइल तडकते. ही एवढी गोष्ट पाळली तर एकही टाइल जात नाही.

टाइल, तिच्यामागचा मसाला आणि प्लास्टर मिळून इंच-सव्वा इंच जातो, तिथे पकड काहीच नसते. गिट्टी त्यापुढे विटेत निदान दोन इंच रुतली पाहिजे. म्हणून १० मिलिमीटरचे, साडेतीन-चार इंची बोल्ट घ्या. कपाटासोबत येणारे छोटे स्क्रू बाजूला ठेवा. भोकातली भुकटी फुंकून किंवा जुन्या टूथब्रशने काढा, नाही तर गिट्टी पूर्ण बसत नाही. गिट्टी घालायच्या आधी भोकात थोडं सिलिकॉन सोडलं तर टाइलमागे पाणी शिरायची वाट बंद होते.

कपाट टांगून बोल्ट अर्धवट आवळा, पाणसळ डावी-उजवीकडे आणि मागे-पुढे दोन्ही बाजूंनी लावा. भिंत ओळंब्यात नसेल तर मागे सनमायकाच्या छोट्या पट्ट्या सारून फट भरा आणि मग पूर्ण आवळा. मुलीने खालून पाठीला टेकून कपाट तोलून धरलं होतं. दोन खुर्च्या आणि पुस्तकांचा थर लावला तरी तेच काम होतं.

नळ आणि कपलिंग: टॉप बसवण्याआधी

हे सगळं टॉप जमिनीवर, जुन्या सतरंजीवर उलटा ठेवून करा. एकदा टॉप कपाटावर बसला की खाली हात घालून नट आवळणं म्हणजे मान मोडणं.

नळाचे कनेक्शन पाइप नळाच्या बुडात हाताने फिरवून घट्ट करा, मग पान्याने फक्त पाव फेरा. या पाइपांना आत रबरी वायसर असतो, पाणी तोच अडवतो. तिथे टेफ्लॉन लावू नका, लावलं तर वायसर नीट बसत नाही. नळ भोकात घाला, खालचा नट आवळताना तोंड बरोबर बेसिनच्या मध्यावर आहे ना ते वरून बघत राहा.

आता आमचा मूळ गुन्हेगार, वेस्ट कपलिंग. हाफ थ्रेड कपलिंगच्या खाचेतून ओव्हरफ्लोचं पाणी आत येतं, म्हणजे कपलिंग आणि सिरॅमिक यांच्या मधल्या फटीत पाणी असणारच. ते आट्यांच्या वळणांवरून फिरत खाली येतं आणि नटाखालून थेंबाथेंबाने सुटतं. वरून कितीही सिलिकॉन लावलं तरी हा रस्ता बंद होत नाही. म्हणून वरच्या कॉलरखाली सिलिकॉनची बारीक वळी द्या आणि कपलिंग वरून घाला. खाच ओव्हरफ्लोच्या बाजूला फिरवा, पण ती सिलिकॉनने भरू देऊ नका. खालून जाड रबरी वायसर चढवा. त्याच्या आणि आट्यांच्या भेटीच्या जागी चहूबाजूंनी सिलिकॉन लावा, मग प्लास्टिकचा वायसर, मग नट. आवळताना वरून कपलिंगची जाळी धरून ठेवा, नाही तर सगळंच फिरतं. नट हाताने घट्ट आणि पान्याने अर्धा फेरा. सिरॅमिकला जास्त जोर सहन होत नाही. त्याला तडा गेला तर तो त्याच दिवशी दिसेलच असं नाही.

टॉप, ट्रॅप आणि भिंतीतलं भोक

टॉप आधी कोरडाच ठेवून बघा. भिंतीशी फट किती, डुगडुगतो का, कनेक्शन पाइप अँगल कॉकपर्यंत पीळ न पडता पोचतात का. सगळं जमलं की कपाटाच्या कडेवर सहा-सात ठिकाणी सिलिकॉनचे ठिपके द्या आणि दोघांनी मिळून टॉप सरळ खाली ठेवा, सरकवू नका. अखंड वळी देऊ नका. कधी टॉप काढावा लागला तर ठिपके कापता येतात, पूर्ण वळी कापताना कपाटच फाटतं.

बॉटल ट्रॅप आधी कपलिंगला हाताने लावा आणि बाहेर जाणारा पाइप भिंतीतल्या भोकाच्या समोर येतो का बघा. ट्रॅपची उभी नळी वरखाली होते, तिने उंची जुळवा. आडवा पाइप भिंतीकडे किंचित उतरता हवा आणि भोकात निदान दीड-दोन इंच आत गेला पाहिजे. लांब असेल तर हॅक्सॉने कापा, कापलेली कड कानशीने घासा, नाही तर ती रबरी वायसर चिरते. पाइप भोकात घालण्याआधी फ्लँज आणि नट त्यावर चढवून घ्या. मी पहिल्या वेळी ते विसरले आणि सगळं पुन्हा उतरवलं.

पाइप आणि भिंतीतलं भोक यांच्या मधली फट रबरी रिंगने बंद करा. रिंगचं माप जमत नसेल तर पांढरं सिमेंट भरा. ही फट उघडी राहिली तर ट्रॅपचा उपयोगच नाही. ट्रॅपच्या वाटीत साठून राहणारं दोन-तीन इंच पाणी गटाराचा वास अडवतं, पण वास या फटीतून सरळ कपाटात येतो. तुमच्या बेसिनचं पाणी आधी नहाणी ट्रॅपमध्ये (लादीतल्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये) पडत असेल तर वास अडवण्याचं काम तोही करतो. तरी मी बॉटल ट्रॅप लावीनच, कारण कानातलं किंवा अंगठी बेसिनमध्ये पडली तर ती वाटीत सापडते.

प्लायच्या कपाटात पाइपसाठी पाडलेल्या भोकाच्या कडेला आता दोन हात ऑइलपेंट किंवा सिलिकॉन फासा. पाइप आवळल्यावर तिथे ब्रश पोचत नाही.

चाचणी, आणि मगच सिलिकॉन

भिंत आणि टॉप यांच्यातली शेवटची वळी देण्याची घाई करू नका. आधी पाणी.

मुख्य चावी हळूहळू उघडा. नळाच्या तोंडाची जाळी काढून ठेवा आणि दोन मिनिटं पाणी वाहू द्या, पाइपात शिरलेला कचरा निघून जाऊ द्या. नाही तर तो नव्या नळात अडकतो. प्रत्येक सांध्याला कोरडा टिश्यू पेपर फिरवा. हाताला न कळणारा ओलावा कागदावर लगेच दिसतो. उंच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत असाल तर हे जास्त काळजीने करा. टाकी जितकी उंच तितका दाब, दर १० मीटरला सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर, आणि वरच्या मजल्यावर न गळणारा सांधा तळमजल्यावर गळू शकतो.

मग बेसिनची बूच लावून ते ओव्हरफ्लोपर्यंत भरा आणि पाणी ओव्हरफ्लोमधून पाच मिनिटं वाहू द्या. हाफ थ्रेडच्या खाचेची खरी परीक्षा इथेच होते. त्यानंतर बूच काढा. एकदम सुटलेलं पाणी ट्रॅपच्या सगळ्या सांध्यांवर आदळतं. थेंब दिसला तर तो सांधा पाव फेरा आवळा. तरीही थेंब आला तर आवळत बसू नका, उघडा आणि वायसर तिरका बसलाय का बघा. बहुतेक वेळा तेच असतं.

सगळं कोरडं निघालं की भिंत आणि टॉपची कड फडक्याने पुसून वाळवा, दोन्हीकडे मास्किंग टेप लावा, एका दमात वळी ओढा, ओल्या बोटाने दाबा आणि सिलिकॉन ओलं असतानाच टेप काढा. चोवीस तास बेसिनवर पाणी उडू देऊ नका. घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

कपाटात सामान भरण्याआधी तळाशी वर्तमानपत्राचा एक पसरट कागद घाला आणि त्यावर काहीही ठेवू नका. आठवडाभर रोज सकाळी बॅटरीने बघा. वर्तमानपत्रावर पडलेला थेंब वाळला तरी कागद तिथे सुरकुततो, त्यामुळे रात्री गळून सकाळी सुकलेलं पाणीही पकडलं जातं. आमच्याकडे चौथ्या दिवशी थंड पाण्याच्या कनेक्शनखाली रुपयाएवढी सुरकुती दिसली. नट पाव फेरा आवळला, कागद बदलला आणि पुन्हा सात दिवस मोजले. आता फिनेलची बाटली परत आत गेली आहे, पण तिच्याखाली अजूनही एक कागद असतो. दर पहिल्या तारखेला मी तो उचलून बघते, आणि सहा महिन्यांनी ट्रॅपची वाटी उघडून साफ करते, तेव्हा तिचा वायसरही चाचपून घेते.